मुलांसोबत घरच्या घरी दाणापात्र: करवंटी, बाटली आणि ज्वारीची कणसं

मार्च उजाडला की शाळांमधून ‘पक्ष्यांसाठी काहीतरी करा’ असा प्रकल्प हमखास येतो. २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो, २०१० पासून तो पाळला जातो. घरोघरी बाटल्या कापल्या जातात, त्यांना रंग लागतो, फोटो निघतो. पंधरा दिवसांनी बघावं तर बाटलीच्या तळाशी बुरशी धरलेले दाणे असतात आणि पक्षी एकही फिरकलेला नसतो. यात मुलांचा काही दोष नसतो. भोक कुठे पाडायचं, पाणी कुठून निथळणार, दाणे किती भरायचे या साध्या गोष्टी त्यांना कुणी सांगितलेल्या नसतात.

दाणापात्र बनवायला एक दुपार पुरते. खरं काम त्यानंतर सुरू होतं: रोज दोन चमचे दाणे घालायचे आणि दर आठवड्याला पात्र घासायचं. म्हणून खाली दिलेले प्रकार मुद्दाम लहान, पटकन उघडणारे आणि मुलांना स्वतः धुता येतील असे निवडले आहेत.

१. आधी ठरवा: कुणासाठी?

मुलांना घेऊन दोन दिवस सकाळी सात ते साडेआठ गॅलरीत किंवा अंगणात बसा. कोणते पक्षी आसपास आहेत ते आधी बघा, कारण दाणापात्र टांगल्याने नसलेले पक्षी उगवत नाहीत. चोच बघितली की कुणाला काय लागतं ते मुलांना लगेच कळतं.

चिमणी, मुनिया, होला हे दाणे खाणारे. चिमणी आणि मुनियेची चोच आखूड आणि जाड असते, दाणा फोडायला बनवलेली. बुलबुल, तांबट, कोकीळ यांना फळं हवीत. साळुंकी, सातभाई, कावळे जे मिळेल ते खातात. शिंपी, दयाळ, नाचण हे किडे टिपणारे पक्षी. ते दाण्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत, पण पाण्यावर मात्र नक्की येतात. शिंजीर फुलांतला मध पितो. त्याच्यासाठी साखरपाण्याची बाटली टांगण्यापेक्षा कुंडीत जास्वंद, कर्दळ किंवा रुग्मिणी लावा.

इमारतीच्या प्रत्येक कठड्यावर कबुतरं असतील तर थांबा. आधी मुद्दा ७ वाचा, मग पुढचं ठरवा.

२. सामान

एवढं सगळं एकदम लागत नाही. कोणता प्रकार करायचा ते ठरवून त्यापुरतंच काढा.

- नारळाच्या दोन अर्ध्या करवंट्या, शक्यतो एकाच नारळाच्या
- १ लीटरची पारदर्शक पाण्याची बाटली, झाकणासकट
- साधारण २५ सेंमी लांबीचे दोन लाकडी चमचे, पॉलिश नसलेले
- २ मिमी जाडीची सुती दोरी, ३ मीटर
- टांगायला जस्त चढवलेली तार, साधारण १ मिमी जाडीची
- गिरमिट किंवा हातड्रिल, ३ मिमीचं पातं
- दाभण, पकड, कात्री, कटर
- पॉलिश पेपर: ८० नंबर आणि १२० नंबर
- मूठभर काथ्या, मूठभर बारीक खडे
- पाण्यासाठी मातीची परळ, २५ ते ३० सेंमी रुंद
- रंगवायचंच असेल तर गेरू आणि चुना

यात नायलॉनचा मांजा किंवा मासे पकडायचा तंगूस नाही, हे मुद्दाम. बारीक नायलॉनमध्ये पाय किंवा पंख अडकला की पक्षी धडपडतो आणि दोरा आणखी रुततो. ऑइलपेंट, चमकी, गोंदाने चिकटवलेले मणी हेही नकोत. गेरूवर चुन्याने वारलीची चित्रं काढली तर करवंटी सुरेख दिसते, पण रंग फक्त बाहेरून. दाणे जिथे टेकतात ती आतली बाजू कोरी राहू द्या.

३. कामाची वाटणी

चार-पाच वर्षांचं मूल बाजरी निवडू शकतं, दोऱ्याने मोजू शकतं, खडे धुऊ शकतं. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना घासणं, गाठी मारणं, कागदाचं नरसाळं करणं जमतं. नऊच्या पुढच्यांना गिरमिट द्यायला हरकत नाही, पण करवंटी मोठ्या माणसाने धरायची आणि तीही हातात न धरता जुन्या टॉवेलच्या वेटोळ्यावर टेकवून. कटर आणि तापवलेलं दाभण फक्त मोठ्यांच्या हातात. दाभण तापवून प्लॅस्टिकला भोक पाडताना धूर होतो, ते काम उघड्या गॅलरीत करा.

४. सगळ्यांत सोपा प्रकार: कणसांचं तोरण

याला हत्यारच लागत नाही, म्हणून अगदी लहान मुलं असतील तर सुरुवात इथूनच करा. बाजरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघते, रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर ज्वारीची ताजी कणसं हाताशी असतात. गावाकडून कुणी येणार असेल तर मागवा, किंवा आठवडी बाजारात धान्य घेऊन बसणाऱ्या शेतकऱ्याला आधीच्या आठवड्यात सांगून ठेवा.

आठ-दहा कणसं घ्या, प्रत्येकाला वीतभर देठ ठेवा. एक दिवस कडक उन्हात वाळवा म्हणजे आतले किडे निघून जातात. देठं एकत्र धरून सुती दोरीने दोन ठिकाणी घट्ट आवळा आणि कणसं खाली लोंबतील अशी जुडी टांगा. वाळल्यावर देठ आक्रसतं, म्हणून दोन दिवसांनी दोरी पुन्हा आवळावी लागते. हे केलं नाही तर कणसं एकेक करून गळून पडतात.

चिमण्या आणि मुनिया कणसाला उलट्या लटकून दाणे काढतात. कबुतराला तसं लटकता येत नाही. पोपट आले तर मात्र जुडी तासाभरात संपेल, म्हणून सगळी कणसं एकाच दिवशी बांधू नका.

५. करवंटीचं दाणापात्र

मन लावून करण्यासारखा प्रकार हाच. दोन करवंट्या लागतात, एक ताटलीसाठी आणि एक छपरासाठी. नारळाला एका टोकाला तीन डोळे असतात. डोळ्यांची करवंटी खाली, बिनडोळ्यांची वर. कारण पुढे येतंच आहे.

नारळ नीट मधोमध फुटायला हवा. शेंडी काढा, नारळ ओला करा आणि हातात फिरवत फिरवत मध्यरेषेवर कोयत्याच्या बोथट बाजूने हलके ठोके द्या. एकाच जागी जोरात मारलं तर वाकडीतिकडी फूट पडते. हे काम मोठ्यांचं. खोबरं खवून झाल्यावर करवंट्या रात्रभर पाण्यात ठेवा आणि आत चिकटून राहिलेला पांढरा थर चमच्याने पूर्ण खरवडून काढा. तो राहिला तर दोन दिवसांत खवट वास येतो आणि मुंग्यांची रांग लागते.

घासणं. आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने कड आणि बाहेरचे तंतू घासा, मग १२० नंबरने. करवंटी ओली ठेवूनच घासा, कारण कोरडी घासली तर बारीक धूळ उडून मुलांच्या नाका-डोळ्यांत जाते. कडेवरून बोट फिरवल्यावर कुठेही टोचता कामा नये, पक्षी त्याच कडेवर बसणार असतो.

भोकं. ताटलीला कडेपासून १ सेंमी खाली तीन भोकं पाडायची आहेत, आणि तिन्हींमधलं अंतर सारखं हवं. अंदाजाने खुणा केल्या की ताटली हमखास कलते आणि दाणे एका बाजूला जमून सांडतात. मुलांना ही युक्ती द्या: करवंटीच्या कडेभोवती दोरा गुंडाळा, जिथे टोक भेटेल तिथे कापा, त्या दोऱ्याच्या तीन सारख्या घड्या घाला, घडीच्या जागी पेनाने खुणा करा आणि दोरा पुन्हा कडेला लावा. खुणा बरोबर तीन ठिकाणी येतात. तोच दोरा छपराच्या करवंटीलाही वापरा. तिचा घेर थोडा वेगळा असेल तर नव्याने मोजा. गिरमिटाचं टोक घसरू नये म्हणून खुणेवर आधी खिळ्याने छोटा खड्डा करा. जोर लावून घाईने भोक पाडलं तर करवंटीला कडेकडून चीर जाते. चीर गेलेली करवंटी बाजूला ठेवा, कारण ती नंतर टांगलेली असताना तुटते.

निचरा. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो खिळ्याने सहज उघडतो. तेच पाणी जायचं भोक. पण ते भोक चांगलं बोटाच्या टोकाएवढं असतं, बाजरी त्यातून गळून जाईल. म्हणून त्यात काथ्याचा बोळा दाबून बसवा. पाणी निथळतं, दाणे राहतात. बोळा दर आठवड्याला बदलायचा.

बांधणी. प्रत्येकी ६० सेंमीचे दोरीचे तीन तुकडे कापा.

पहिल्यांदा प्रत्येक तुकड्याच्या टोकाला दुहेरी गाठ मारून ती ताटलीच्या बाहेरच्या बाजूला ठेवा आणि दोरी भोकातून आत घेऊन वर ओढा. मग ताटलीच्या कडेपासून बरोबर ८ सेंमीवर तिन्ही दोऱ्यांना एकेक गाठ मारा. या गाठी एका उंचीवर आल्या नाहीत तर छप्पर तिरकं बसतं. आता तिन्ही टोकं छपराच्या भोकांतून खालून वर ओवा. छप्पर गाठींवर टेकतं. वर १५ सेंमीवर तिन्ही दोऱ्या एकत्र बांधून फास करा.

दाणे भरताना छप्पर दोरीवरून वर सरकवायचं, हात मोकळा झाला की ते आपोआप खाली येतं. मुलांना हा भाग फार आवडतो. ८ सेंमीच्या फटीत चिमणी, बुलबुल आरामात बसतात. लहान, झुलत्या करवंटीवर कबुतराला तोल सांभाळता येत नाही.

ताटली थोडीशीच कलत असेल तर पुन्हा भोकं पाडत बसू नका. वर आलेल्या बाजूच्या दोरीची खालची गाठ सोडा आणि दोरीच्या अगदी टोकाकडे पुन्हा मारा, तेवढ्याने ती बाजू खाली येते.

फळांसाठीही हीच करवंटी चालते. निचऱ्याचा बोळा काढून त्या भोकातून बोटाएवढी जाड कडुलिंबाची काडी उभी बसवा आणि तिच्यावर अर्धा पेरू, चिकू किंवा केळ्याचा सालीसकट तुकडा खोचा. तारेचा आकडा वापरू नका, टोक डोळ्याला लागतं. उरलेलं फळ संध्याकाळी काढलंच पाहिजे. मुंग्यांवर आपल्या स्वयंपाकघरातलाच उपाय आहे. गुळाचं भांडं पाण्याच्या ताटलीत ठेवतात ना, तसं टांगायच्या तारेवर मध्येच एक बाटलीचं झाकण ओवा, तारेभोवतीची फट मेणाने बुजवा आणि झाकणात पाणी भरा. पाणी रोज बदला.

६. बाटलीचं दाणापात्र

यात बाटलीतून दोन लाकडी चमचे आरपार घालतात, दाणे त्यांच्या खोलगट भागावर येतात. हा प्रकार सगळ्यांत जास्त केला जातो आणि सगळ्यांत जास्त बिघडतो. बिघडायच्या जागा तीनच आहेत. त्या सांभाळल्या तर बाटली पूर्ण उन्हाळा चालते.

बाटली धुऊन उलटी ठेवा आणि पूर्ण दिवस वाळू द्या. आत थेंबभर ओल राहिली तरी दाणे एकमेकांना चिकटतात आणि भोकाशी गोळा अडकतो.

तळाला दाभणाने पाच-सहा बारीक भोकं पाडा. आता पहिली चुकायची जागा: सगळ्यांत खालच्या चमच्याखाली जे दाणे राहतात ते कधीच बाहेर येत नाहीत, तिथेच कुजतात आणि कुजका वास वरपर्यंत येतो. म्हणून तळापासून ४ सेंमीपर्यंत धुऊन वाळवलेले खडे भरा. पाणी त्यातून निघून जातं, आणि बाटलीला वजन आल्यामुळे ती वाऱ्यावर कमी हेलकावते.

पहिला चमचा खड्यांच्या थराला लागून, दुसरा त्याच्या ६ सेंमी वर आणि पहिल्याला आडवा, अधिकच्या चिन्हासारखा. चमच्याच्या दांड्यासाठी एका बाजूला दांडा जेमतेम जाईल एवढं भोक. समोरच्या बाजूला खोलगट भागाशी थोडं मोठं. दुसरी चुकायची जागा इथे आहे. चमचा सपाट किंवा बाहेरच्या बाजूला उतरता बसला तर दाण्यांची धार लागते आणि अर्धी बाटली जमिनीवर येते. दांड्याकडचं भोक अर्धा सेंमी खाली घ्या म्हणजे चमच्याचा खोलगट भाग किंचित वर राहतो. चमच्यावर छोटासा ढीग झाला की दाणे थांबतात, आणि पक्ष्याने ढीग टिपला की पुढचे सरकतात.

दाणे बाहेर यायचं भोक चमच्याच्या लगेच वर. बाजरीसाठी ६ मिमीपासून सुरुवात करा, दोन मुठी दाणे घालून बघा आणि दाणे सरकत नसतील तरच थोडं वाढवा. लहान भोक मोठं करता येतं, मोठं झालेलं लहान होत नाही. कापलेल्या प्रत्येक कडेवर तापवलेल्या चमच्याची पाठ हलकी टेकवा, प्लॅस्टिक वितळून कड गोल होते.

मानेजवळ समोरासमोर दोन भोकं पाडून तार ओवा आणि बाटली टांगा. झाकण मोकळं राहतं, कागदाच्या नरसाळ्याने वरून दाणे भरता येतात.

तिसरी चुकायची जागा म्हणजे ऊन. पारदर्शक बाटली उन्हात तापते, आतल्या बाजूला दव धरतं आणि दाण्यांना बुरशी लागते. बाटली सावलीतच टांगा, आणि भरताना चमच्यांच्या वर चार बोटं एवढेच दाणे घाला. एका उन्हाळ्यानंतर प्लॅस्टिक ठिसूळ होतं, तडे दिसले की बाटली बदला. चमचे मात्र धुऊन पुढच्या वर्षी वापरता येतात.

इंटरनेटवर पाइनच्या फळाला पीनट बटर फासून दाण्यात घोळवलेला एक प्रकार फार दिसतो. तो थंड देशांतल्या हिवाळ्यासाठी आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे जातो, ते लोणी वितळून पक्ष्याच्या पिसांना लागतं. तेलकट झालेली पिसं नीट काम करत नाहीत. चरबीचे लाडूही याच कारणाने नकोत.

७. कबुतरांचा प्रश्न

शहरातल्या गच्ची-गॅलरीत हा प्रश्न टाळता येत नाही, आणि मुलांशीही तो मोकळेपणाने बोलावा. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेली तर काहींना फुप्फुसांची गंभीर सूज येते. दमा असलेलं कुणी घरात किंवा शेजारी असेल तर जास्तच जपायला हवं. मुंबईत २०२५ मध्ये महापालिकेने कबुतरखाने बंद केले, सार्वजनिक जागी कबुतरांना दाणे टाकल्यास दंड होतो. तुमच्या सोसायटीचे नियमही आधी विचारून घ्या. खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतात.

कबुतर साधारण ३०० ग्रॅमचं, चिमणी २५ ग्रॅमच्या आसपास. या फरकाचा उपयोग करता येतो. बसायला जागा कमी ठेवा, पात्र झुलतं ठेवा आणि कठड्यावर किंवा जमिनीवर दाणे कधीही पसरू नका. तरीही कबुतरं येत असतील तर पात्राभोवती दीड इंच चौकटीच्या वेल्डेड जाळीचा पिंजरा करा. चिमणी त्यातून आरामात आत जाते, कबुतर जात नाही. जाळी आणि पात्र यांच्यात सगळीकडून १२ सेंमी अंतर ठेवा, नाहीतर कबुतर बाहेर बसून मान आत घालतं. जाळीची कापलेली टोकं पकडीने आत वळवा.

एवढं करूनही खाली सांडलेल्या दाण्यांवर कबुतरं जमतात. सकाळ-संध्याकाळ फरशी पुसा. त्यानेही भागलं नाही तर दाणे बंद करून फक्त पाणी ठेवा. असं करण्यात हार नाही. उन्हाळ्यात पाण्याची गरज दाण्यांपेक्षा मोठी असते.

८. कुठे टांगायचं

जमिनीपासून दीड ते दोन मीटर उंच, दुपारी सावली येईल अशा जागी. मांजराला दबा धरता येईल असं झुडूप अगदी खाली नको, पण घाबरल्यावर पक्ष्याला उडून बसता येईल अशी फांदी किंवा वेल दोन-तीन मीटरवर हवी.

काचेची मोठी खिडकी असेल तर जरा विचार करा. पक्ष्याला काच दिसत नाही, तिच्यातलं झाडाचं प्रतिबिंब दिसतं. पात्र काचेपासून एक मीटरच्या आत असेल तर पक्ष्याला जोरात धडकण्याएवढा वेग येत नाही. किंवा मग दहा मीटर लांब टांगा. मधलं अंतर सगळ्यांत धोक्याचं. काचेच्या बाहेरच्या बाजूने दर ५ सेंमीवर पांढऱ्या उभ्या रेघा ओढल्या तर धडका बऱ्याच कमी होतात. हे काम मुलं हौसेने करतात.

एकदा टांगलं की जागा बदलू नका. पहिला पक्षी यायला दोन दिवसही लागतात, तीन आठवडेही लागतात. मुलं तिसऱ्या दिवशी विचारतील, ‘आई, कुणीच का येत नाही?’ त्यांना आधीच सांगून ठेवा की पक्षी आधी लांबून बघतात, आणि एक धीट चिमणी आली की मग बाकीच्या येतात.

९. काय द्यायचं, काय नाही

दाणे: बाजरी, तांदळाची कणी, राळे. ज्वारी चालते, पण चिमण्या आधी बारीक दाणा उचलतात. राळे सालीसकट देत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पक्षी दाणा सोलून खातो आणि फोलपट तिथेच टाकतो. वरवर बघून पात्र भरलेलं वाटतं, पण ती नुसती फोलपटं असतात. मुलांना रोज सकाळी फुंकर मारून बघायला सांगा.

प्रमाण: करवंटीत सकाळी दोन मोठे चमचे. संध्याकाळपर्यंत संपलं तर दुसऱ्या दिवशी अडीच, उरलं तर दीड. रात्री दाणे उरले की उंदीर येतात.

कच्चा तांदूळ पोटात फुगून पक्षी मरतो, ही समजूत खोटी आहे. मुनिया आणि सुगरणी शेतातल्या भाताच्या लोंब्यांवर कच्चे दाणेच खातात.

देऊ नये असं: शेव, फरसाण, बिस्किटं, ब्रेड, दूध, मीठ घातलेली पोळी किंवा भात, चॉकलेट, बुरशी आलेले शेंगदाणे. पक्ष्याच्या एवढ्याशा शरीराला आपल्या चवीचं मीठ झेपत नाही.

शेतकरी घरांसाठी खास सूचना. पेरणीचं उरलेलं बियाणं गुलाबी, निळं किंवा हिरवं दिसत असेल तर त्याला औषध लावलेलं आहे. ते पक्ष्यांना कधीही टाकू नका, एवढ्याशा दाण्यांनीही जीव जातो. साठवणीच्या धान्याला बोरिक पावडर किंवा पारदाच्या गोळ्या असतील तर तेही नको. पक्ष्यांसाठी अर्धा किलो बाजरी वेगळी आणा आणि बरणीवर मुलांकडून चिठ्ठी चिकटवून घ्या.

चिमणीची पिल्लं अगदी लहान असताना दाण्यावर वाढत नाहीत, त्यांना अळ्या आणि किडे लागतात. म्हणून ज्या गॅलरीत दाणे ठेवता तिथल्या कुंड्यांवर कीटकनाशक मारू नका.

१०. पाणी

मातीची परळ घ्या. धातूचं भांडं उन्हात चटके देतं आणि प्लॅस्टिकवर पाय घसरतात. पाणी कडेला २ सेंमी, मध्ये फार तर ५ सेंमी. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, मधमाश्यांना आणि लहान पक्ष्यांना टेकायला तो लागतो. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा पाणी बदला.

नुसतं पाणी ओतून पुन्हा भरणं पुरत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी टिकतात. काथ्याने किंवा ब्रशने कड रोज घासली पाहिजे. दहा सेकंदांचं काम आहे, आणि मुलांना ते सहज जमतं.

जागा असेल तर शेजारी एका पसरट कुंडीत कोरडी, चाळलेली माती ठेवा. चिमण्या तिच्यात लोळून मातीची अंघोळ करतात. ते बघताना मुलं अर्धा तास जागची हलत नाहीत.

११. सफाई

दर रविवारी, न चुकता. एकाच ताटात अनेक पक्षी खातात, एक आजारी असला तर आजार सगळ्यांना लागतो.

उरलेले दाणे कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. वाळलेली विष्ठा कोरडी खरवडू नका. आधी पाणी शिंपडून भिजवा, मग पुसा. भांडी घासायच्या साबणाने ब्रशने धुवा, स्वच्छ पाण्याने खळखळून घ्या आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. ओल्या पात्रात दाणे घालू नका, म्हणून दोन करवंट्या-जोड्या केल्या तर आलटून पालटून वापरता येतात. ब्रश वेगळाच ठेवा, स्वयंपाकघरातला नको. दाणे घातल्यावर आणि सफाईनंतर साबणाने हात धुवायचे, यात सूट नाही.

पिसं फुलवून, डोळे मिटून, जवळ गेलं तरी न उडणारा पक्षी दिसला तर दाणापात्र दोन आठवडे उतरवून ठेवा. मेलेला पक्षी मुलांना हात लावू देऊ नका. एकदम जास्त मेलेले दिसले तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

घरट्यातून पडलेलं, पण पिसं फुटलेलं पिल्लू दिसलं की मुलं ते उचलून घरात आणतात. बहुतेक वेळा ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. मांजराच्या तावडीत सापडणार असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा, तेवढंच. पोपट, मुनिया असे आपल्याकडचे पक्षी पिंजऱ्यात ठेवणं, घरटी किंवा अंडी काढणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार गुन्हा आहे.

१२. नोंदवही आणि ऋतू

एक दोनशे पानी वही पात्राजवळ ठेवा. तारीख, वेळ, पक्षी, किती, काय खाल्लं, एवढ्या पाच रकान्यांवर भागतं. नाव माहीत नसेल तर मुलांनी रंग आणि चोचीचा आकार काढून ठेवावा. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा आणि १२ तारखेला पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा जन्मदिवस. वही तेव्हा शाळेत दाखवता येते. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते, तिच्यात घरच्या गॅलरीतल्या पंधरा मिनिटांच्या नोंदीही चालतात.

मे महिन्यात गावाला जाणार असाल तर आठवडाभर आधीपासून दाणे थोडे थोडे कमी करत न्या. पक्ष्यांचं इतरत्र खाणं चालूच असतं, ते उपाशी राहत नाहीत. पाण्याची परळ मात्र शेजाऱ्यांना सांगून जा. कुणी भरणार नसेल तर रिकामी करून पालथी घाला.

पहिला पाऊस पडला की दाणे थांबवा. दाण्यांना मोड आणि बुरशी एका रात्रीत येते, आणि बाहेर किडे, गवताचं बी भरपूर असतं. करवंट्या घासून दोन दिवस उन्हात वाळवा, जुनी दोरी आणि काथ्या फेकून द्या आणि करवंट्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत बाजरीची नवी कणसं बाजारात आली की काढा आणि नवी दोरी ओवा. गाठींचं ८ सेंमीचं माप वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेलं असू द्या.